पर्जन्यमापकाच्या नोंदी पायथनने फाईलमध्ये कशा लिहाव्यात?

कातळसडा:

नमस्कार. राजापूर तालुक्यातील आमच्या घरी माझे वडील कित्येक वर्षे रोज सकाळी साडेआठ वाजता अंगणातील साध्या पर्जन्यमापकातले पाणी मोजून वहीत नोंद करत आले आहेत. यंदा मृग लागण्यापूर्वी त्याच्या शेजारी टिपिंग बकेट पद्धतीचे दुसरे मापक बसवले आणि ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला जोडले. बकेटमध्ये ०.२ मिमी पाऊस साठला की ती एकदा कलंडते. अशा टिप्स मोजून माझा पायथन प्रोग्राम दर पंधरा मिनिटांनी दिनांक, वेळ आणि मिमीमधील पाऊस एका सीएसव्ही फाईलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये) लिहितो. प्रोग्राम सुरू होताना फाईल एकदा उघडली जाते आणि पुढे उघडीच राहते.

अडचणी अशा आहेत. वीज गेली की केवळ तेवढ्या वेळेच्या नव्हे, तर त्याआधीच्याही बऱ्याच नोंदी फाईलमध्ये सापडत नाहीत. वडिलांच्या वहीतील नोंदी विंडोजच्या लॅपटॉपवर वेगळ्या प्रोग्रामने सीएसव्हीमध्ये उतरवल्या, तर प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते आणि एक्सेलमध्ये गावाचे नाव वाचता येत नाही. तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रोजची बेरीज वहीशी जुळत नाही, आणि आमच्या महसूल मंडळाच्या (काही गावांच्या शासकीय गटाच्या) जाहीर आकड्याशीही जुळत नाही. काही दिवशी तर फरक इतका असतो की पाऊस भलत्याच तारखेला पडला असे वाटावे.

या नोंदी पुढची पंधरा-वीस वर्षे वापरता याव्यात अशी इच्छा आहे. म्हणून पाया आत्ताच नीट घालायचा आहे.

घाटमाथा:

पहिल्या दोन अडचणींचे उत्तर सरळ आहे, म्हणून ते आधी देतो.

पायथन फाईलमध्ये लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर पाठवत नाही, तो बफरमध्ये, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या जागेत, साठवतो. हा बफर पायथनच्या बऱ्याच आवृत्त्यांत ८१९२ बाइटचा असतो. तुमची एक ओळ चाळीस बाइटची धरली, तर दोनशेच्या आसपास ओळी जमेपर्यंत रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डावर काहीच पोहोचत नाही. दर पंधरा मिनिटांना एक ओळ म्हणजे दिवसाला ९६ ओळी होतात. म्हणजे फाईल उघडी ठेवल्यास दोन दिवसांच्या नोंदी केवळ मेमरीत राहू शकतात, आणि कोकणात ज्या रात्री पाऊस कोसळतो नेमकी त्याच रात्री वीज जाते. हरवतात त्या नोंदी सर्वांत मोलाच्या पावसाच्या असतात.

उपाय असा की प्रत्येक नोंदीच्या वेळी ‘विथ’ वापरून फाईल ‘ए’ मोडमध्ये, म्हणजे शेवटी जोडण्यासाठी, उघडावी, एक ओळ लिहावी, ‘फ्लश’ करावे, नंतर ‘ओएस’ मॉड्यूलमधील ‘एफसिंक’ला फाईलचा क्रमांक द्यावा आणि मग फाईल बंद होऊ द्यावी. फ्लशने मजकूर पायथनकडून ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो. तेथून तो प्रत्यक्ष कार्डावर उतरवण्याचे काम एफसिंक करते, त्यामुळे दोन्ही आवश्यक आहेत. दिवसातून ९६ वेळा असे केल्याने कार्डावर काही ताण येत नाही.

इतके करूनही एखादी ओळ अर्धवट राहू शकते. प्रोग्राम पुन्हा सुरू होताना फाईलचा शेवटचा बाइट तपासावा. तो नव्या ओळीचा नसेल, तर आधी एक नवी ओळ घालावी. हे न केल्यास पुढची नोंद त्या अर्धवट ओळीला चिकटते आणि एकाऐवजी दोन नोंदी वाया जातात. अर्धवट ओळ मात्र पुसू नये.

कोऱ्या ओळींचे कारण असे आहे. ‘सीएसव्ही’ मॉड्यूल ओळीच्या शेवटी स्वतःच दोन चिन्हे घालते आणि विंडोजवर पायथन त्यातील दुसऱ्या चिन्हाच्या जागी पुन्हा दोन चिन्हे लिहितो. फाईल उघडताना ‘न्यूलाइन’ या आर्ग्युमेंटला रिकामी स्ट्रिंग दिली की प्रश्न मिटतो. ‘एन्कोडिंग’ही, म्हणजे अक्षरे बाइटमध्ये साठवण्याची पद्धतही, दर वेळी स्पष्टपणे ‘यूटीएफ-८’ असे लिहावे. विंडोजवर ते न दिल्यास त्या संगणकाचे स्थानिक एन्कोडिंग लागू होते. पायथन ३.१५ पासून काही न सांगता यूटीएफ-८ हेच एन्कोडिंग लागू होते, पण तुमच्या फाईली जुन्या आवृत्त्यांवरही उघडल्या जातील.

एक्सेलसाठी ‘यूटीएफ-८-सिग’ या एन्कोडिंगने वेगळी प्रत काढावी, म्हणजे देवनागरी नावे नीट दिसतात. मूळ फाईल साध्या यूटीएफ-८ मध्येच असावी, कारण सिग पद्धतीची फाईल सीएसव्ही मॉड्यूलने साध्या यूटीएफ-८ म्हणून वाचली तर पहिल्या रकान्याच्या नावाला एक अदृश्य चिन्ह चिकटलेले राहते आणि तो रकाना नावाने सापडत नाही. मूळ फाईल एक्सेलमध्ये उघडून कधीही सेव्ह करू नये. तारखांचे रूप बदलते आणि ते लक्षातही येत नाही.

उत्तररात्र:

तिसऱ्या अडचणीबद्दल लिहितो. माझा संबंध हवामानाच्या नोंदींशी रोजचा आहे.

भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही. तो सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा असतो आणि मोजणी ज्या सकाळी होते त्या तारखेला ती नोंद लागते. ८:३० ही वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार बरोबर ३:०० आहे. म्हणजे २४ जुलैच्या रात्री दहाला पडलेला पाऊस २५ जुलैच्या आकड्यात जातो. तुमच्या वडिलांची वही याच पद्धतीची आहे. तुमचा प्रोग्राम मात्र तारखेनुसार, म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र, बेरीज करत असणार. कोकणात मोठा पाऊस बऱ्याचदा रात्री आणि पहाटे होतो, त्यामुळे हा फरक किरकोळ राहत नाही.

सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील पावसाचा ९४४ मिमी हा सांताक्रूझचा आकडा २७ जुलैच्या सकाळी ८:३० ला संपलेल्या २४ तासांचा आहे. बहुतेक पाऊस २६ च्या दुपारी आणि संध्याकाळी पडला, लोकांच्या स्मरणात २६ तारीख आहे आणि दैनिक नोंदीत हा आकडा २७ तारखेसमोर येतो. ज्यांना हे माहीत नसते, ते २६ तारखेसमोरचा लहान आकडा पाहून डेटाच चुकीचा आहे असे मानतात. (त्याच २४ तासांत कुलाब्याला सुमारे ७४ मिमी पाऊस झाला होता. म्हणून केंद्राचे नाव प्रत्येक ओळीत असावे असा माझा आग्रह असतो.)

तुमच्या कामाला याचे व्यावहारिक महत्त्व आहे. आपल्या राज्यात महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, तर ती अतिवृष्टी धरली जाते आणि नुकसानभरपाईचा विचार त्यावरून होतो. घरच्या मापकाचा आकडा त्यासाठी ग्राह्य धरला जात नाही, पण मंडळाच्या आकड्याशी तुलना करायची असेल, तर निदान २४ तास तरी तेच हवेत. एकच रात्र मध्यरात्रीच्या रेषेने कापली, तर ९० मिमीचा पाऊस ४५ आणि ४५ असा वाटला जातो आणि अतिवृष्टी कुठेच दिसत नाही.

म्हणून फाईलमध्ये वेळ नेहमी जागतिक प्रमाणवेळेत आणि फरकासह लिहावी, म्हणजे शेवटी अधिक शून्य शून्य असे दिसले पाहिजे. त्यासाठी ‘डेटटाइम’च्या ‘नाऊ’ला ‘टाइमझोन’मधील ‘यूटीसी’ द्यावे. जुने ‘यूटीसीनाऊ’ वापरू नये, कारण त्यातून मिळणाऱ्या वेळेला टाइमझोनची ओळखच नसते. पायथन ३.१२ पासून ते कालबाह्यही ठरवले आहे. पर्जन्यदिन, म्हणजे ८:३० ते ८:३० अशा दिवसाची तारीख, फाईलमध्ये लिहू नका. तो नोंदीवरून काढायचा असतो, आणि कसा काढायचा ते एका फंक्शनमध्ये एकदाच लिहून ठेवावे.

मृगनक्षत्र:

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. माझी भर एकाच गोष्टीवर आहे: फाईलमध्ये मिमी लिहूच नका, टिप्सची संख्या लिहा.

पायथनमध्ये ०.२ तीनदा मिळवून पाहा. उत्तर ०.६ येत नाही, ०.६ पेक्षा किंचित मोठे येते. ०.२ हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमका लिहिता येत नाही, हे त्याचे कारण. दिवसभर लूपमध्ये अशी बेरीज करत गेल्यास शेवटच्या दशांशात गाळ साचतो. ६५ मिमी म्हणजे ३२५ टिप्स. लूपमधील ती बेरीज नेमकी ६५ येईलच असे धरून चालता येत नाही, आणि तुलना तर ‘६५ पेक्षा जास्त’ अशीच करायची असते. ३.१२ पासून अंगभूत ‘सम’ फंक्शन अपूर्णांकांची बेरीज अधिक काळजीपूर्वक करते, म्हणजे त्याच फाईलवर दोन आवृत्त्यांत दोन उत्तरे येऊ शकतात. ३२५ ही पूर्ण संख्या मात्र सगळीकडे ३२५ च राहते.

यामागे गणितापेक्षा मोठे कारण आहे. मापकाने ०.२ मिमी पाहिलेला नसतो, त्याने बकेट कलंडलेली पाहिलेली असते. ०.२ हा उत्पादकाने दिलेला गुणक आहे. पुढच्या वर्षी ठरावीक पाणी हळूहळू ओतून मापक तपासले आणि गुणक ०.२१ आहे असे आढळले, तर टिप्स लिहिलेल्या असल्यास सगळा इतिहास एका गुणाकाराने सुधारता येतो. शिवाय अतितीव्र पावसात बकेट कलंडत असतानाही पाणी येत राहते, त्यामुळे ही मापके अशा वेळी थोडे कमी मोजतात. ती दुरुस्ती करायलाही दर पंधरा मिनिटांच्या टिप्स लागतात. गुणक एका लहान जेसन फाईलमध्ये (नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या मजकुराच्या फाईलमध्ये), तो कोणत्या तारखेपासून लागू आहे यासह ठेवावा.

कातळसडा:

सर्वांचे मनापासून आभार. टिप्स लिहिण्याचा मुद्दा लगेच पटला. आता वहीबद्दल विचारतो. वडिलांनी काही दिवशी ‘०’ लिहिले आहे, काही दिवशी ‘ट्रेस’, काही दिवशी नुसती आडवी रेघ आहे, आणि ते गावी नसताना रकाना कोरा आहे. शिवाय चुलतबहिणीने यातील बरीचशी पाने देवनागरी अंकांत टाइप केली आहेत. हे सगळे हाताने बदलावे लागेल का?

घाटमाथा:

अंकांची काळजी नको. पायथनचे ‘इंट’ आणि ‘फ्लोट’ देवनागरी अंक स्वीकारतात. ‘२.५’ अशी स्ट्रिंग दिली तरी योग्य संख्या मिळते. पांडाज या तक्ते हाताळणाऱ्या लायब्ररीने थेट फाईल वाचल्यास मात्र तो रकाना मजकूर म्हणूनच येईल, म्हणून वाचताना एकदा फ्लोटमधून काढून घ्यावे आणि नव्या फाईलमध्ये इंग्रजी अंक लिहावेत. तारखाही तेव्हाच वर्ष-महिना-दिवस या क्रमात आणाव्यात, कारण ०५/०७ ही ५ जुलै की ७ मे हे प्रोग्रामने ओळखावे अशी अपेक्षा ठेवणे धोक्याचे आहे.

शून्य, ट्रेस आणि कोरा रकाना या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या तशाच राहिल्या पाहिजेत. शून्य म्हणजे पाहिले आणि पाऊस नव्हता. ट्रेस म्हणजे पाऊस पडला, पण ०.१ मिमीपेक्षा कमी. कोरा म्हणजे कोणी पाहिलेच नाही. संख्येच्या रकान्यात ट्रेससाठी शून्य आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘ट्रेस’ लिहावे. न पाहिलेल्या दिवशी संख्या रिकामी ठेवावी. आडव्या रेघेचा अर्थ वडिलांनाच विचारावा. त्यांच्या डोक्यात तो पक्का असणार, आणि तो विचारण्याची वेळ आत्ताच आहे.

रिकाम्या जागी ९९.९ किंवा -९९९ असले आकडे भरू नका. हवामान विभागाच्या तापमानाच्या जाळीबद्ध डेटात (नकाशावरील समान चौकोनांनुसार दिलेल्या आकड्यांत) ९९.९ म्हणजे नोंद नाही, आणि तापमानासाठी ते चालते, कारण ९९.९ अंश तापमान संभवत नाही. राजापुरात ९९.९ मिमी पाऊस मात्र जुलैतल्या कोणत्याही दिवशी पडू शकतो.

विदावेध:

मी थोडा वेगळा विचार मांडतो. इतक्या दीर्घ काळासाठी सीएसव्हीऐवजी एसक्यूलाइट, म्हणजे एकाच फाईलमध्ये राहणारा डेटाबेस, का नको? ‘एसक्यूलाइट३’ हे मॉड्यूल पायथनबरोबरच येते. नोंद पूर्ण लिहिली जाते किंवा अजिबात लिहिली जात नाही, त्यामुळे अर्धवट ओळीचा प्रश्न उरत नाही. केंद्र आणि वेळ या जोडीवर ‘युनिक’ अट घातली की तीच नोंद दोनदा जाणेही थांबते. माझे काम जाळीबद्ध डेटाशी असते. हवामान विभागाच्या ०.२५ अंशाच्या पर्जन्य जाळीत १३५ रेखांश आणि १२९ अक्षांश असतात, म्हणजे दिवसाला १७,४१५ आकडे. वर्षाची बायनरी फाईल सुमारे २५ मेगाबाइटची होते. तीच सीएसव्हीमध्ये एका आकड्याला एक ओळ अशी लिहिली, तर त्रेसष्ट लाखांहून अधिक ओळी होतात आणि एक्सेल साडेदहा लाखांच्या आसपास थांबते. तेथे नेटसीडीएफ (जाळीबद्ध डेटासाठीचा फाईल प्रकार) आणि तो वाचणारी पायथन लायब्ररी एक्सअ‍ॅरे यांना पर्याय नाही.

नेटसीडीएफबद्दल एक सावधगिरी सांगतो, कारण ती टिप्सच्या मुद्द्याला लागून आहे. जागा वाचवण्यासाठी आकडे १६ बिटांच्या पूर्णांकात लिहितात आणि गुणक वेगळा ठेवतात. गुणक ०.०१ ठेवला, तर सर्वांत मोठा आकडा ३२७.६७ बसतो. वर उल्लेखलेला ९४४ त्यात मावणारच नाही आणि फाईलमध्ये भलताच आकडा जाईल. पावसासाठी ०.१ हा गुणक पुरेसा आहे. त्याहून जास्त अचूकता सहसा मापकातही नसते.

घाटमाथा:

एसक्यूलाइटचे गुण मान्य आहेत, आणि विश्लेषणासाठी मीही तेच वापरतो. तरी मूळ नोंद साध्या मजकुराच्या फाईलमध्येच असावी असे माझे ठाम मत आहे. कार्डाचा एखादा भाग खराब झाला, तर मजकुराच्या फाईलमधील बाकीच्या ओळी डोळ्यांनी वाचता येतात. वीस वर्षांनी ती फाईल उघडणाऱ्याकडे पायथन असेलच असेही नाही. महिन्याला एक फाईल करावी. संपलेल्या महिन्याची फाईल केवळ वाचनासाठी खुली ठेवून तिची दुसरीकडे प्रत काढावी. एसक्यूलाइटचा डेटाबेस त्यावरून केव्हाही नव्याने बांधता येतो. फाईलच्या नावात वेळ घालायची झाली तर विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके टाळावेत, कारण विंडोजवर ते चालत नाहीत.

मृगनक्षत्र:

एक गोष्ट अजून कोणी बोलले नाही, ती घड्याळाची. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या बोर्डांत स्वतःचे घड्याळ नसते. पाय ५ मध्ये ते आहे, पण त्याला वेगळी बॅटरी लावावी लागते. वीज परत आल्यावर बोर्ड शेवटी जपून ठेवलेल्या वेळेपासून पुढे चालू लागतो, आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंतच्या सगळ्या नोंदींवर जुनी वेळ पडते. पावसात वीज आणि इंटरनेट बहुधा एकत्रच जातात. डीएस ३२३१ हे बॅटरीवरचे छोटे घड्याळ जोडून घ्यावे, आणि घड्याळ जुळलेले होते की नाही हे प्रत्येक ओळीत लिहावे.

पाऊस नसतानाही दर पंधरा मिनिटांनी शून्य टिप्सची ओळ लिहीत राहा. मग ओळ नसणे याचा एकच अर्थ उरतो: त्या वेळी यंत्र बंद होते. त्या काळातला पाऊस यंत्राकडून गेला तरी वडिलांच्या मापकात साठलेला असतोच. साडेआठच्या त्यांच्या आकड्यातून टिप्सची बेरीज वजा केली, की यंत्राकडून किती निसटले याचा अंदाज येतो. म्हणून वही थांबवू नका, ही कळकळीची विनंती.

कातळसडा:

वही थांबणार नाही. वडिलांना हे वाचून दाखवले. आडव्या रेघेचा अर्थ त्यांनी सांगितला: मापक भरून वाहिले होते, म्हणून आकडा लिहिला नाही. म्हणजे आम्ही ज्याला पाऊस नसलेला दिवस समजत होतो, तो त्या पावसाळ्यातला सर्वांत मोठा दिवस असू शकतो. शेऱ्यात ‘भरून वाहिले’ असे लिहून संख्या रिकामी ठेवतो.

सध्या ठरवलेली ओळ अशी आहे (येथे देवनागरीत देत आहे, फाईलमध्ये अंक इंग्रजी असतील):

वेळ, केंद्र, टिप्स, घड्याळ, शेरा
२०२५-०७-१५ ०२:४५+००:००, अंगण, ७, जुळलेले,
२०२५-०७-१५ ०३:००+००:००, अंगण, ११, जुळलेले,
२०२५-०७-१५ ०४:१५+००:००, अंगण, ०, न जुळलेले, प्रारंभ

शेवटचा प्रश्न. तुलनेसाठी ओपन-मेटिओ या हवामानाचा डेटा देणाऱ्या संकेतस्थळावरून ताशी पाऊस उतरवून घेतो आहे. तो याच फाईलमध्ये घालावा का, आणि त्याची ८:३० ची बेरीज कशी करावी?

उत्तररात्र:

याच फाईलमध्ये घालू नका. ते प्रारूपाने, म्हणजे संगणकावरील हवामानाच्या गणिताने, काढलेले आकडे आहेत, तुमच्या अंगणातले मोजमाप नाही. वेगळी फाईल करा आणि आलेले जेसन उत्तर जसेच्या तसे जपून ठेवा.

बेरजेसाठी वेळ जागतिक प्रमाणवेळेतच मागवा. भारतीय वेळ पूर्ण तासावर धरली, तर ८:३० ची रेषा एका तासाच्या मधोमध येते. जागतिक वेळेत ती बरोबर ३:०० वर पडते. त्यांच्या ताशी पावसाच्या आकड्यासमोर लिहिलेली वेळ ही त्या तासाच्या शेवटाची असते, म्हणजे ४:०० समोरचा आकडा ३:०० ते ४:०० या तासाचा. त्यामुळे १५ जुलैच्या नोंदीसाठी १४ जुलैच्या ४:०० पासून १५ जुलैच्या ३:०० पर्यंतचे चोवीस आकडे घ्यावेत, दोन्ही टोके धरून.

तुमच्या ओळीतही ०२:४५ ही पंधरा मिनिटांची सुरुवात की शेवट, हे रकान्याच्या नावातच लिहा, ‘वेळ_शेवट’ असे. शेवटची वेळ लिहीत असाल, तर पर्जन्यदिन काढताना आधी पंधरा मिनिटे वजा करून सुरुवात काढावी, मग तीन तास वजा करावेत आणि आलेल्या तारखेत एक दिवस मिळवावा. ०३:०० ची ओळ तपासून पाहा: सुरुवात ०२:४५, तीन तास वजा केल्यावर १४ जुलैचे २३:४५, एक दिवस मिळवल्यावर १५ जुलै. ०३:१५ ची ओळ याच रीतीने १६ जुलैला जाते. या दोन ओळींची चाचणी फंक्शनच्या शेजारी कायमची लिहून ठेवा.